निमगावची फळी

बारामतीला भिगवण रोडवर माझं प्लायवूड आणि लॅमिनेटचं दुकान आहे. दुकानदारानं आठवण काढावी ती ट्रक भरून माल नेणाऱ्या गिऱ्हाइकाची. मला मात्र दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या आठवतात ते रंगनाथतात्या. या माणसानं इतक्या वर्षांत माझ्याकडून नेलं काय, तर स्क्रू, बिजागऱ्या, पॉलिश पेपर आणि दाराच्या दोन फळ्या. त्याही एकदम नाही. एक घर बांधताना आणि दुसरी बऱ्याच वर्षांनी. त्या दुसऱ्या फळीची ऑर्डर त्यांनी दिली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

तात्या इंदापूरला सरकारी मोजणीदार होते. जमिनीची हद्द ठरवायची, रेघ मारायची, खुणा रोवायच्या, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. यंत्रातून बघून बघून त्यांचा एक डोळा कायमचा बारीक झाला होता. चहाच्या कपाकडेही ते त्याच डोळ्यानं बघायचे. माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर, बिलबुक, पेन सगळं बोलता बोलता एका ओळीत लावून टाकायचे आणि मी परत विस्कटलं की माझ्याकडे असं बघायचे, जसा काही मी शेजाऱ्याच्या रानात नांगर घातलाय. मूलबाळ नव्हतं. बायको ते नोकरीत असतानाच गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी बारामतीत, गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत घर बांधायला घेतलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढले.

नवं घर म्हटल्यावर मी खूश. सागवानी डिझाईनचं लॅमिनेट काढून समोर ठेवलं. त्यांनी शीट कडेनं न्याहाळली, मग उचलून नाकाला लावली.

"ह्याला वास कशाचा येतोय?"

"गोंदाचा असेल."

"आन् झाड कुठलं?"

"झाड नाही तात्या, कागद असतो. त्याच्यावर सागाचा फोटो छापलेला असतो."

"फोटू भितीला लावत्यात शेठ," ते म्हणाले, "त्याचं कपाट करत न्हाईत."

त्या दिवसापासून मी कागदशेठ झालो. पुढं दुकानात गिऱ्हाईक असलं तरी ते दारातूनच हाक मारायचे, "कागदशेठ, हाय का निवांत?" एखादं गिऱ्हाईक या नावामुळे बिचकून गेलेलंही मी पाहिलं आहे. मी चिडायचो. पण एखाद्या दुपारी ते आले नाहीत की माझीच मान सारखी रस्त्याकडे वळायची.

त्यांच्या घरात सगळं खरं लाकूड होतं. सागाचं नाही आणि शिसवाचंही नाही. आंबा, बाभूळ, चिंच, कडुलिंब, म्हणजे आमच्या धंद्यात ज्याला कुणी फर्निचरचं लाकूड म्हणत नाही ते. आणि ते प्रत्येक लाकूड बांधावरचं होतं. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की रानात रेघ पडते आणि ती नेमकी एखाद्या जुन्या झाडातून जाते. मग एक म्हणतो सावलीनं माझं पीक बसतं, दुसरा म्हणतो फळं तूच नेतोस, आणि एक दिवस दोघं मिळून झाड पाडतात, अर्धं अर्धं घेतात. वेगळं झाल्यावर दोघांनी मिळून केलेलं तेवढंच एक काम. तात्यांनी अशा कितीतरी रेघा मारल्या होत्या. "रेघ माझी, कुऱ्हाड त्येंची," असं ते म्हणायचे, पण म्हणताना समोरच्याकडे बघायचे नाहीत. निवृत्तीनंतर एसटीनं गावोगाव फिरून त्यांनी ही लाकडं शोधली. गोठ्यात पडलेली, चुलीच्या वाटेवर असलेली. त्यांचा नियम एकच. घ्यायचं तर दोन्ही घरचं घ्यायचं, आणि घरात आणून परत जोडायचं.

घरातल्या वस्तूंना ते लाकूड जिथून आणलं त्या गावाचं नाव द्यायचे. "चहा पणदऱ्यावर ठेवा. चष्मा बघा, काटीत आसंल." पणदरे म्हणजे आंब्याचं जेवणाचं टेबल, काटी म्हणजे चिंचेचा कोनाडा. बाभळीचं कपाट होतं ते लासुर्णं. या लासुर्ण्यानं त्यांचा चांगलाच घाम काढला. त्यांचा सुतार हरी मिस्त्री सांगून दमला होता, की तात्या, लाकूड ओलं आहे, सावलीत पडू द्या, घाई करू नका. पण मोजणीदार माणूस, त्यांचा मापावर भरवसा. माप बरोबर असल्यावर लाकूड जाईल कुठं? लाकूड गेलं. पहिल्याच पावसाळ्यात कपाटाचं दार फुगलं, उन्हाळ्यात पिळवटलं आणि पुढं जन्मभर सुतळीनं बांधलेलं राहिलं.

"लासुर्णं बांध कोरतंय," तात्या सुतळी ओढत म्हणायचे. "आयुष्यभर लोकास्नी सांगितलं बांध कोरून दुसऱ्याच्या रानात सरकू नका, आन् आता घरातच कोरायला लागलंय."

मी म्हणायचो, "माझं लॅमिनेट घेतलं असतं तर जागचं हललं नसतं."

"त्येच तर," ते म्हणायचे. "हलत न्हाय त्याच्याशी बोलायचं काय?"

ही त्यांची थट्टा आहे असं मला आधी वाटायचं. मग एकदा उन्हाळ्यातल्या दुपारी त्यांच्याकडे बसलो होतो. घर मोठं, आवाज कसला नाही. उन्हानं लाकूड तडकतं तसा आतल्या खोलीतून कट् असा आवाज आला. तात्यांनी माझ्याशी चाललेलं बोलणं न थांबवता तिकडं मान वळवली आणि म्हणाले, "हां, हाय मी." आणि परत माझ्याशी बोलायला लागले. आपण काही वेगळं केलं हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन बायकोला सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे काही गोडधोड झालं की त्यांचा डबा जायला लागला.

पणदऱ्याच्या टेबलाची गोष्ट सांगायलाच हवी. तो आंबा ज्या दोन भावांचा होता त्यांना तात्यांनी एकदा जेवायला बोलावलं. दोघांना वेगवेगळं सांगितलं आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू दिला नाही. मला मधे बसायला बोलावलं होतं. आमरस, पुऱ्या, कुरडया, सगळा बेत. थोरला आला, मागून धाकटा आला. दारात एकमेकांना बघून दोघंही थबकले, पण ताटं वाढलेली, परत जाणार कसे? टेबलाच्या दोन टोकांना दोघं बसले आणि मी मधल्या खुर्चीवर अंग चोरून.

"रस आवडला का?" तात्या म्हणाले. "झाडबी आंब्याचंच हाय. तुमचंच."

दोघांचेही हात थांबले. थोरल्यानं डाव्या हाताचा अंगठा टेबलाच्या मधोमध फिरवला.

"जोड दिसतोय," तो म्हणाला.

"दिसणारच," तात्या म्हणाले.

धाकटा माझ्याकडे वळला. "त्यास्नी म्हनावं, रसाचं भांडं हिकडं सरकवा." थोरल्यानं ते ऐकलं आणि भांडं सरकवलं. माझ्याकडे सरकवलं, मी पुढं दिलं. जेवणं झाली, दोघं मुकाट्यानं उठले. तात्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. पण बाहेर धाकट्याची मोटारसायकल सुरू होईना. किक मारून मारून तो घामाघूम झाला. थोरला तोवर पुढं गेला होता. तो कॉलनीच्या वळणावर थांबला. मागं वळून पाहिलं नाही, नुसता थांबून राहिला. धाकट्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तसा तोही निघून गेला.

तात्या पुढं कितीतरी दिवस दुकानात येऊन एवढंच विचारायचे, "थांबला व्हता का न्हाय? तुमी बगितलं की!"

आता दाराचं. तात्यांच्या घराचं पुढचं दार दोन फळ्यांचं होतं. त्यातली एक जाडजूड, लिंबाची. दुसरी माझ्याकडची, प्लायवर लॅमिनेट मारलेली, दुकानातली सगळ्यात स्वस्त. ती नेताना म्हणाले होते, "तात्पुरती हाय. दुसरी आली की तुमची काढायची." लिंबाच्या फळीला ते निमगाव म्हणायचे आणि ती कधीच उघडायचे नाहीत. वरची कडी कायम लावलेली. येणंजाणं सगळं माझ्या फळीतून. बरं, लिंबाच्या फळीची मधली कड त्यांनी मिस्त्रीला तासूच दिली नव्हती. करवतीनं कापली तशीच खरखरीत. तिच्यावर घासून माझ्या लॅमिनेटच्या कडेचे टवके उडाले होते आणि मला ते बघवायचं नाही. "निदान पॉलिश पेपर तरी मारा," मी म्हणायचो. ते म्हणायचे, "तासली तर जुळंल कशी?"

त्याची हकीकत त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली. निमगाव केतकीला त्यांचं वडिलोपार्जित रान. तात्या थोरले, दामूआबा धाकटे. वाटण्या करायच्या ठरल्या तेव्हा तात्याच म्हणाले, बाहेरचा माणूस कशाला, मी आहे की. बाहेरचा आणला असता तर भांडायला तोच सापडला असता. तात्यांनी स्वतः मोजणीची साखळी धरली, आणि रेघ विहिरीजवळच्या लिंबाच्या खोडातून गेली. तात्या इंदापूरला परत निघाले तेव्हा दामूआबांनी एवढंच म्हटलं, "दादा, तू मला साखळीनं मापलंस." मग एके दिवशी इंदापूरला तात्यांच्या दारात ट्रॉली येऊन उभी राहिली. लिंबाचं खोड वरपासून खालपर्यंत मधोमध चिरलेलं, त्यातलं बरोबर अर्धं. निरोप काहीच नाही. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

"हातभर सरकवली असती रेघ, तर झाड वाचलं असतं," तात्या मला म्हणाले होते. "कोण इचारणार व्हतं? माझंच रान, मीच मोजणारा. पर हात सरकला न्हाय. हाताला सवयच न्हवती."

एवढी माणसं जोडायला निघालेला हा माणूस आपल्या भावाकडं मात्र जायला धजत नव्हता. मी डिवचायचो, घाबरता काय धाकट्या भावाला? ते विषय बदलायचे. शेवटी एक दिवस सकाळीच दुकानात आले. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. "कागदशेठ, तुमची पिकअप काढा. निमगावला जायचंय. येताना सामान आसंल." सामान म्हणजे काय ते मला कळलं.

दामूआबांचं घर डाळिंबाच्या बागेत होतं. घर माणसांनी भरलेलं, लेकी-सुना, नातवंडं. पुढच्या खोलीत दिवाणावर दामूआबा बसले होते. तात्यांसारखीच नाकाची ठेवण, तेच मोठे कान. तात्यांना बघून ते उठले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा म्हनावं."

तात्या खुर्चीवर बसले. "बागेला पानी हाय का इचारा," ते मला म्हणाले.

"हाय म्हनावं. त्येंची तब्येत कशी हाय?"

"बरी हाय म्हनावं."

दोन भाऊ हाताच्या अंतरावर बसलेले आणि मी मधे दुभाषा. चहा आला. साखर कमी आहे का, हेसुद्धा माझ्यामार्फत विचारून झालं. मग तात्यांनी कप खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "त्याला सांगा, माझ्या दाराची येक फळी ऱ्हायलीया. त्याच्याकडचं लिंबाचं लाकूड मिळालं तर बरं हुईल."

दामूआबांनी बसल्या जागची गोधडी उचलली. खाली लिंबाची एक जाड फळी होती, लोखंडी पायांवर टाकलेली.

"ह्येच्यावरच झोपतो मी," ते म्हणाले. "कमरेला दुसरं कायबी सोसत न्हाय. ह्ये दिऊन मी कुठं झोपू, त्येवढं इचारा त्यास्नी."

मी तोंड उघडायच्या आतच तात्या उठले, दिवाणाजवळ गेले आणि वाकून फळीच्या बाहेरच्या कडेवर तळवा फिरवला. कड खरखरीत होती.

"कड तासली न्हाईस," ते म्हणाले. भावाकडे बघून म्हणाले.

"तासायची कशाला," दामूआबा म्हणाले. तेही मला नाही, त्यांनाच.

एवढंच बोलणं झालं. पेढ्यांचा पुडा तिथं ठेवून आम्ही निघालो.

रिकामी पिकअप परत चालवताना मलाच जड वाटत होतं. लासुर्णं गाव मागं पडलं. पुढं जंक्शन गावात चहाला थांबलो तेव्हा तात्या म्हणाले, "लाकूड चांगलं सुकलंय. खोलीत ऊन येतं त्याच्या." मग बारामती जवळ आल्यावर, "कागदशेठ, दाराची दुसरी फळीबी तुमचीच लावा." मला वाटलं, रागानं बोलतायत. राग नव्हता.

आठवड्याभरात हरी मिस्त्रीनं निमगावची फळी दारातून उतरवली आणि तात्यांच्या सांगण्यावरून तिचा दिवाण केला. कड तशीच ठेवून. मिस्त्री कुरकुरत होता, की रुंदी किती कमी आहे, ह्याच्यावर धड कूससुद्धा बदलता यायची नाही.

"माणूस येकच हाय की रे," तात्या म्हणाले.

आणि दाराला दोन्ही फळ्या माझ्या लागल्या. एकसारख्या, गुळगुळीत, कुठं टवका नाही. इतकी वर्षं ज्या घरात मी माझा माल खपवायला बघत होतो, त्या घराच्या तोंडावरच तो लागला होता आणि मला ते दार बघून रडू यायचं बाकी होतं.

त्यानंतर तात्यांचं दुकानात येणं कमी झालं. मी त्यांना शेवटचं पाहिलं ती एक दुपार होती. डबा द्यायला गेलो होतो. दार सताड उघडं, दोन्ही फळ्या भिंतीला टेकलेल्या. समोर त्या अरुंद दिवाणावर तात्या कुशीवर झोपले होते आणि एक हात कडेवर होता, त्या न तासलेल्या कडेवर. डबा पणदऱ्यावर ठेवून मी पाय न वाजवता निघालो. मागून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"कागदशेठ, दार वढून घ्या जाताना."

मी दोन्ही फळ्या ओढून घेतल्या. अजिबात आवाज न करता त्या लागल्या.

तात्या थंडीत गेले, झोपेतच. दामूआबा मुलांना घेऊन आले, पुढचं सगळं त्यांनीच केलं. दिवसकार्य झाल्यावर पुतण्यांनी घर विकायला काढलं. पणदऱ्याचं टेबल मी घेतलं. आता ते माझ्या दुकानात आहे आणि गिऱ्हाइकं त्यावर हात फिरवून विचारतात, हे डिझाईन कुठल्या कंपनीचं? दामूआबा मात्र घरातल्या दुसऱ्या कशाकडं वळले नाहीत. मला म्हणाले, "तुमची गाडी हाय न्हवं? त्याचा दिवाण घ्या त्येवढा." मुलगा पुढं बसा म्हणत होता, पण ते मागंच बसले, फळीला धरून, थेट निमगावपर्यंत.

त्यांच्या खोलीत आम्ही दोन्ही दिवाण शेजारी लावले, चिरलेल्या कडा समोरासमोर आणून. लाकडाच्या रेषा एका फळीतून निघून दुसरीत शिरत होत्या, एकाच झाडाच्या हे कुणालाही कळावं अशा. पण एक फळी उन्हात सुकलेली, दुसरी दारात. आकसायची त्यांची तऱ्हा वेगळी. मधे बोटभर फट राहिली. वरपासून खालपर्यंत, सरळ.

मी त्यातला माणूस, मला राहवलं नाही. "आबा, फटीत लाकडाची पुट्टी भरून देतो. लिंबाच्या रंगाची आहे माझ्याकडे. फट होती हे कुणाला कळणारसुद्धा नाही."

दामूआबांनी त्या फटीवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"नगं," ते म्हणाले. "दादाची रेघ हाय ती. ऱ्हाऊ द्या."

मग ते आपल्या फळीवर बसले, आणि खांद्यावरच्या उपरण्यानं शेजारची फळी त्यांनी नीट झटकून ठेवली.